आजोबा, जरा साइड!

पुण्याला एकेकाळी सायकलींचं शहर म्हणत. महापालिकेने 2017 साली सायकल आराखडा मंजूर केला, तेव्हापासून सायकली आराखड्यात आहेत आणि सायकल ट्रॅकवर मोटारी. मग सायकलवाला फुटपाथवर चढतो. त्याच्या मागोमाग स्कूटरवाला चढतो. चालणारा मुकाट्याने रस्त्यावर उतरतो आणि तिथे मोटारवाला काच खाली करून त्याला विचारतो, ‘‘ओ काका, फुटपाथ कशाला दिलाय?’’

वाहन चालवण्याचे केंद्राचे विनियमही 2017 चेच. चालकाने पादचारी, सायकलस्वार, मुलं, वृद्ध, दिव्यांग यांची विशेष काळजी घ्यावी, असं त्यात आहे. सायकलवाला फुटपाथवर चढला की ही काळजी संपली, असं मात्र कुठेही लिहिलेलं नाही. शिवाय गणवेशातल्या पोलिसाने सांगितल्याशिवाय फुटपाथवर किंवा सायकल ट्रॅकवर गाडी घालायचीच नाही. संध्याकाळी लॉ कॉलेज रस्त्याच्या फुटपाथवरून जे स्कूटरवाले सुसाट जातात, त्यांच्या स्वप्नात बहुधा असा पोलिस येऊन गेलेला असतो. त्यांना अडवायला खांब रोवतात. दोन खांबांमधून स्कूटर हँडल तिरकं करून निघते, व्हीलचेअर अडकते.

खरी गंमत सोसायटीच्या गेटपाशी. तळघरातून मोटार वर येते. आधी बॉनेट फुटपाथवर येतं, मग चालकाची नजर. तीही फक्त उजवीकडे, कारण रस्त्यावरची वाहनं तिकडून येतात. डावीकडून फुटपाथवरून येणारी सायकल त्याच्या हिशेबातच नसते. इथे त्याने थांबावं, दोन्हीकडे बघावं, मग निघावं. पुण्यात हे काम वॉचमनकडे दिलंय. तो धावत येतो, शिट्टी फुंकतो, हात आडवा करतो. मोटारीला नव्हे, सायकलवरच्या आजोबांना! आजोबा करकचून ब्रेक दाबतात, एक पाय टेकवतात, पिशवीतली मेथी सावरतात. मोटार ऐटीत निघून जाते. वॉचमनचा पगार सोसायटी देते, आजोबा देत नाहीत, त्यामुळे तोही बिचारा काय करणार?

फुटपाथवर सायकल चालवणं शहाणपणाचं नाही, हे मान्य. तिथे चालणाऱ्यालाही धक्का लागतोच. पण आजोबा चुकले म्हणून चालकाला ठोकायचा परवाना मिळत नाही. भरपाईचा दावा झाला तर न्यायाधिकरण दोघांच्याही चुका तोलतं. बेदरकार गाडी चालवल्याबद्दल पहिल्या खेपेला कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी कायद्यात तरतूद आहे. गेटवरच्या चालकाला दंड ठाऊक असतो तो सोसायटीचा, दुसऱ्याच्या जागेत गाडी लावल्याचा.

आणि धडक झालीच, तर 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 134 आहे. चालकाने जखमीला दवाखान्यात न्यावं. जमाव खवळल्यामुळे ते जमण्यासारखं नसेल, तर मात्र त्याला सूट आहे. पुण्यातल्या चालकाला ही सूट मिळणं कठीण. जमाव इथेही जमतो, खवळतोही. पण आजोबांवर: ‘‘अहो, या वयात सायकल कशाला चालवता?’’