देवाच्या नावाने निकाल देणाऱ्या पंचांना

गावकीच्या सन्माननीय पंचांना,



पेणपासून रोह्यापर्यंतच्या गावागावांत खरी सत्ता कुणाची चालते, हे ठाऊक असल्यामुळे पत्र थेट तुम्हालाच लिहितो आहे. तहसीलदार बदलतात, फौजदार बदलतात, सरपंच पाच वर्षांनी घरी बसतो. तुमची बैठक मात्र देवळाच्या सभामंडपात पिढ्यान्‌पिढ्या भरते. कुणी देवळाची वर्गणी द्यायचं नाकारलं, कुणी अंगात आलेल्या भगताला उलट प्रश्न विचारला, कुणी मुलीचं लग्न जातीबाहेर लावून दिलं, की तिथे रात्रीतून निकाल लागतो आणि सकाळी एक घर वाळीत पडलेलं असतं.

या शिक्षेत तुमचं कसब मोठं आहे. ना मारहाण, ना रक्त. त्या घरातली बाई दुकानात मीठ मागते. गोणी समोर उघडी असते आणि दुकानदार वर न बघता ‘नाही’ म्हणतो. पालखी घरोघर टेकते, या घराच्या उंबऱ्यासमोरून मात्र भोई पावलं झपाट्याने उचलतात. घरात म्हातारं माणूस गेलं, तर खांदा द्यायला दुसऱ्या गावातून पाहुणे येईपर्यंत प्रेत अंगणात. मुलाला खेळात घेत नाहीत आणि का घेत नाहीत हे त्याला कुणी सांगतही नाही. जो कुणी या घराशी बोलेल, त्याला दंड. देवाला एवढा बंदोबस्त लागतो, हे तुमच्यामुळे कळलं.

तुम्ही म्हणता, हे सगळं श्रद्धेपोटी. मग तुमचेच गावकरी रोह्याच्या एसटी स्थानकात त्या वाळीत टाकलेल्या माणसाशेजारी बसून चहा कसा पितात? मी ते पाहिलं आहे. इकडेतिकडे नजर टाकतात, आईची तब्येत विचारतात, आणि गावची गाडी लागली की वेगळ्या दाराने चढल्यासारखे वेगळ्या बाकावर जाऊन बसतात. त्या माणसांच्या मनात त्याच्याविषयी राग नाही, पंचांची धास्ती आहे. देवाचा कोप त्यांनी केव्हाच बाजूला ठेवला, तुमचा कोप तेवढा उरला आहे.

पेण तालुक्यातल्या गागोद्याचं नाव तुम्ही अभिमानाने घेता, कारण विनोबांचा जन्म तिथला. जन्मभर ईश्वराचं नाव घेणारा हा माणूस. कुराणाचा अभ्यास करून त्यांनी त्याचं सार काढलं, तेव्हा त्यांचा धर्म बुडाला नाही. १९५३ साली देवघरच्या वैद्यनाथाच्या देवळात दलितांना बरोबर घेऊन गेले म्हणून तिथल्या पंड्यांनी त्यांना मारलं. विनोबांची जयंती करताना तुम्ही कुणाच्या बाजूला उभे असता, विनोबांच्या की पंड्यांच्या, हे एकदा सभामंडपात मोठ्याने सांगून टाका.

राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्म पाळण्याच्याही आधी सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य लिहिलं आहे. म्हणजे ज्याचे हात जोडले जातात त्याचं आणि ज्याचे जोडले जात नाहीत त्याचं, दोघांचंही मन त्यांचं स्वतःचं. दंडाच्या भीतीने जोडलेले हात देवळात मोजायला चांगले दिसतात, पण त्यांत भक्ती कुठली? खऱ्या भाविकाचाही यात अपमानच आहे. त्याची श्रद्धा तुम्ही हजेरीपटावर आणून ठेवलीत.

बहिष्कार हा आमच्या धर्माचाच भाग, असा दावा याआधीही झाला आहे. मुंबई प्रांताने १९४९ साली बहिष्काराविरुद्ध कायदा केला, आणि दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तो १९६२ साली रद्द ठरवला. २०२३ साली घटनापीठाने तो प्रश्न नऊ न्यायाधीशांकडे पाठवला आहे. पण तुम्ही कुठल्या पंथाचे धर्मगुरू? नळावर पाणी कुणी कधी भरायचं हे ठरवणारी माणसं तुम्ही.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०१३ साली जातपंचायतीला मूठमाती द्यायची मोहीम उघडली आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला. मोहीम थांबली नाही. रायगडातल्या वाळीत टाकलेल्या माणसांनी पोलीस ठाण्याचे, मग मुंबई उच्च न्यायालयाचे उंबरे झिजवले. एप्रिल २०१६मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला, जुलै २०१७पासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र. बैठकीत हात वर करणाराही त्यात येतो.

तेव्हापासून तुमचे निकाल फक्त तोंडी असतात. ना ठराव, ना सही, ना पावती. निकाल देवाचा आहे अशी खात्री असेल, तर तो लिहून देवळाच्या दारावर लावा आणि खाली सगळ्यांनी सह्या करा. एकानेही तशी सही केलेली मी अजून पाहिली नाही.

सही होत नसेल, तर दुसरं काम करा. बैठक बोलवा, वाळीत टाकलेल्या घरांतल्या बायकांनाही बोलवा, कारण दुकानातून रिकाम्या हाती त्याच परत आल्या. निर्णय मागे घेतल्याचं सगळ्यांसमोर सांगा. घेतलेला दंड परत करा. पावत्या नसल्यामुळे हिशेब लागणार नाही, असं म्हणू नका. ज्यांनी दागिने मोडून पैसे भरले, त्यांना रकमा पाठ आहेत.

आपल्याच जिल्ह्यातला,
एक रहिवासी