मागची सीट कुणी कापली?

वसई रोड स्टेशनच्या पूर्वेला एव्हरशाईन सिटीच्या इमारती संपता संपता गोखिवरे, वालीव, सातिवलीचे औद्योगिक गाळे सुरू होतात. एका गाळ्यात लेथ, दुसऱ्यात पावडर कोटिंग, तिसऱ्यात वेल्डिंग. मोटारसायकल मनासारखी घडवून घ्यायला जे जे लागतं ते इथं आसपास मिळतं. घडवलेली गाडी रस्त्यावर चालवायची परवानगी तेवढी मिळत नाही.

गिऱ्हाईक येतं ते मोबाइलवर फोटो घेऊनच. फोटोत कॅलिफोर्नियाचा मोकळा रस्ता आणि जमिनीला चिकटून चाललेली गाडी. "दादा, सेम टू सेम पाहिजे." मिस्त्री बुलेटभोवती एक फेरी मारतो आणि ग्राइंडर लावतो. पहिल्याच दिवशी साडी गार्ड जातं, मग मागचा दांडा, मागचे फुटरेस्ट, अर्धं मडगार्ड. आता केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम पाहावा. मागे बसणाऱ्याला धरायला दांडा हवा, पाय ठेवायला फुटरेस्ट हवा आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं निदान अर्धं चाक झाकलेलं हवं, असं त्यात सांगितलंय. मिस्त्रीने हा नियम वाचलेला नसतो. तरीही तो इतक्या काटेकोरपणे उलटा पाळतो, की प्रत समोर टांगूनच कापाकापी चाललीय असं वाटावं.

गाडी घरी गेली की आई खाली येऊन बघते. "छान आहे रे, पण मी बसू कुठे?" चिरंजीव सांगतात, "आई, ही सिंगल सीटर आहे." घरात स्थळं पाहणं चालू असेल तर हे वाक्य फार महागात पडतं.

लांब फोकची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या जोडदांड्यांची, हौस जगाला लावली ती १९६९ च्या 'ईझी रायडर' या सिनेमाने. त्यातली 'कॅप्टन अमेरिका' ही मोटारसायकल घडली लॉस एंजेलिसच्या बेन हार्डींच्या हातून, तीही पोलिसांनी लिलावात काढलेल्या हार्लेवरून. बंडखोराच्या गाडीचं मूळ पोलीस खात्यात निघावं, हे आपल्याकडच्या एखाद्या वगात शोभलं असतं. पण सिनेमातली गाडी बहुतेक वेळ सरळ जाते. फोक पुढे कलवला, की स्टिअरिंगच्या दांड्याची रेषा जमिनीला जिथं मिळते आणि चाक जिथं टेकतं, त्या दोहोंतलं अंतर वाढतं. याला ट्रेल म्हणतात. ट्रेल वाढला की हायवेला गाडी रेषेत चालते, आणि सावकाश वळवायला गेलं की मानपान न मिळालेल्या व्याह्यासारखी अडून बसते. एव्हरशाईनमध्ये सरळ रस्ता मिळतो तो पुढच्या रिक्षापर्यंत.

शिवाय रुंद टायरची हौस असतेच. मागे जाडजूड टायर घातला की चेन त्याला घासायला लागते. मग स्प्रॉकेट बाहेर सरकवा, त्यासाठी लेथवर स्पेसर कातून घ्या, मग स्विंगआर्म रुंद करा. गिऱ्हाइकाला वाटतं आपण फक्त टायर बदललाय. मिस्त्रीच्या वहीत तोवर पान उलटलेलं असतं.

या धंद्यात मराठी नाव नाही असं नाही. पूर्वी जेट एअरवेजमध्ये केबिन क्रू असलेले अक्षय वर्दे यांनी मुंबईत 'वर्देंची' ही कंपनी सुरू केली आणि रॉयल एन्फिल्डची रूपं पालटून दाखवली. प्रवाशांना पट्टे बांधायला सांगणारा माणूस पट्टाच नसलेल्या वाहनाकडे वळला.

चांगला मिस्त्री ओळखायचा तो तपासणीवरून. फोटो तर सगळेच चकाचक काढतात. मागच्या टायरच्या दोन्ही अंगांनी पुढपर्यंत सुतळी ताणायची आणि पुढच्या टायरपाशी दोन्हीकडचं अंतर सारखं येतं का ते पाहायचं: चाकं एका रेषेत आहेत का, हे त्यावरून कळतं. वेल्डिंगवर लाल डाय मारायचा, पुसायचा, वरून पांढरा डेव्हलपर फवारायचा. डोळ्यांना न दिसणारी चीर असेल तर तिथं लाल रेघ उमटते. गुळगुळीत घासलेलं वेल्डिंग देखणं दिसतं, पण घासताना त्याची ताकदही थोडी निघून जाते, हे सांगणारा मिस्त्री गिऱ्हाइकाला आवडत नाही. मग ब्रेक, मग "एक राउंड मारून येतो." हा राउंड पेव्हर ब्लॉक, गतिरोधक आणि खड्डे यांवरून जातो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात एअर फिल्टर किती उंचीवर ठेवायला हवा होता तेही कळतं, फक्त जरा उशिरा.

सरकारमान्य तपासणी पुण्यात एआरएआयमध्ये किंवा अहिल्यानगरच्या व्हीआरडीईसारख्या संस्थेत होते. पुणेकरांना एआरएआय टेकडी मुख्यतः सकाळच्या फिरण्यासाठी ठाऊक असली, तरी १९६६ पासूनची ही संस्था ब्रेक, धूर, आवाज सगळं मोजते. मात्र ती मान्यता मॉडेलला असते. कंपनी हजारो गाड्यांवर तपासणीचा खर्च वाटते. गाळ्यातून निघते एकच गाडी. ब्रिटनमध्ये एकट्यादुकट्या गाडीची तपासणी करून घेता येते, जर्मनीत टीयूव्ही ही तपासणी संस्था बदल तपासून कागदावर चढवते. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहे, आणि नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये बजावलंय. २०१९ च्या दुरुस्तीनुसार शिक्षा आहे सहा महिन्यांपर्यंतची कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. दर बदलामागे! म्हणजे वर कापलेल्या वस्तू वाचकाने बोटांवर मोजून पाहाव्यात.

नियमाबाहेरच्या गाडीचं कधीकधी कौतुकही होतं. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली, खर्च साठ हजारांच्या घरात. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं आणि ती नियमात बसत नाही हेही सांगितलं. पुढच्याच महिन्यात लोहारांना बदल्यात बोलेरो मिळाली. तेव्हापासून गाळ्यात एखादं पोरगं विचारतंच, "दादा, आपल्या बुलेटच्या बदल्यात कुणी बोलेरो देईल का?"

खरी अडचण आवाजाची. १७५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलला मान्यतेच्या चाचणीत ८० डेसिबलची मर्यादा आहे. पुंगळीची जाळी काढली की ही मर्यादा कधीच मागे पडते. जप्त केलेले असे सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून पोलिसांनी त्यांवरून रोलर फिरवल्याचे फोटो पेपरात येत असतात.

बदल करायची एक सरळ वाट आहे. ठाण्याच्या गोगोए१ने २०२१ मध्ये स्प्लेंडरसाठी आरटीओमान्य विजेचं किट आणलं. किंमत तेव्हा सुमारे ३५ हजार होती, बॅटरी वेगळी. इंजिन काढायचं, मोटर बसवायची, कागदावर नोंद करायची. मिस्त्रीने हा पर्याय सुचवला की गिऱ्हाईक मन लावून ऐकतं, चार्जिंग किती वेळ, पल्ला किती, सगळं विचारतं आणि शेवटी म्हणतं, "ते ठीक आहे दादा, पण त्याला बुलेटच्या आवाजाचा स्पीकर बसेल ना?"