पंखाखाली पाहा

पेरू देशातल्या नाझ्काच्या वाळवंटात दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी जमिनीवर अवाढव्य चित्रं काढून ठेवली आहेत. कोळी आहे, माकड आहे, देवमासा आहे, ९३ मीटरचा हमिंगबर्ड आहे, त्याहून मोठं गिधाड आहे. युनेस्कोनं १९९४ मध्ये त्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. तो वारसा बघायला लोक पृथ्वीच्या पार पलीकडच्या अंगाहून येतात, लिमाहून साडेचारशे किलोमीटर बसनं जातात, एका छोट्या विमानात बसतात आणि अर्धा तास कागदी पिशवीच्या तळाचं मनापासून निरीक्षण करून परत येतात.

ही शेवटची गोष्ट कुणी सांगत नाही. पेरू करून आलेल्या मंडळींना विचारा, "नाझ्का कसं वाटलं?" ते म्हणतील, "शब्दच नाहीत." खरं आहे. तोंड उघडायची सोयच नव्हती.

आपल्याकडे गाडी लागणं ही बाब लहान मुलं आणि गावाकडच्या आत्याबाई यांच्यासाठी राखीव आहे. घाटात आत्याला आवळासुपारी द्यायची, लिंबू हुंगायला द्यायचं, सीटवर वर्तमानपत्र पसरून त्यावर बसवायचं (या उपायामागचं शास्त्र अजून बाहेर यायचं आहे, पण वर्तमानपत्राचा एवढा तरी उपयोग होतो हे आम्हा सदरलेखकांना सुखावणारं आहे), ही सगळी सेवा आपण करायची, आपली करून घ्यायची नाही. चाळीस देश केलेल्या, शेंगेन व्हिसाधारी, निवृत्त पुरुषाला गाडी लागत नसते. त्याला 'जरा ॲसिडिटी' होते.

नाझ्काच्या विमानतळावर पहिला प्रहार या प्रतिष्ठेवरच होतो. विमान लहान, त्याचा तोल सांभाळायचा, म्हणून प्रत्येकाला काट्यावर उभं करतात आणि वजन बघून जागा देतात. आयुष्यभर समाजात वजन राखून असलेल्या माणसाचं खरं वजन तिथे चारचौघांत, किलोमध्ये ठरतं. नवरा-बायकोची ताटातूटही तिथेच. ती पुढे, तो शेपटीकडे. सकाळी हलकंच काहीतरी खा, असं टूर लीडर आदल्या रात्रीपासून विनवत असतो. पण टूरच्या पैशांत नाश्ता धरलेला असतो, आणि पैसे भरलेला नाश्ता सोडणं आपल्या रक्तात नाही.

आता थोडं शास्त्र. दोन्ही कानांच्या आत खोलवर तीन-तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की द्रव मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूला वळणाची खबर लागते. डोळे एक सांगतात, कान दुसरंच सांगतात, दोघांचे जबाब जुळत नाहीत, आणि शिक्षा होते ती पोटाला. यावर डॉक्टर म्हणतात, दूर क्षितिजाकडे बघा, डोकं हलवू नका. नाझ्काचा वैमानिक म्हणतो, पंखाखाली पाहा. म्हणजे क्षितिज सोडा, विमान गोल फिरत असताना मान वाकडी करून खाली घाला, आणि वर फोनच्या चौकटीत ते माकड पकडा. वैद्यकीय सल्ल्याच्या इतकं काटेकोर उलट वागायला लावणारी दुसरी व्यवस्था निदान आमच्या पाहण्यात नाही. त्यातही समता आहे. उजव्या खिडकीवाल्यांना माकड दिसावं म्हणून विमान उजव्या पंखावर आडवं होतं. मग डाव्या खिडकीवाल्यांचा हक्क डावलला जाऊ नये म्हणून वळसा घालून त्याच माकडावर डाव्या पंखानं आडवं होतं. चित्रं डझनभर, उलथापालथी दुप्पट.

"अहो, माकड आलं, माकड!"

"तू बघ. मला मग सांग."

"नऊच बोटं आहेत हो त्याला!"

"असू देत."

गंमत अशी की ज्यांनी हे माकड काढलं त्यांनी ते वरून कधीच पाहिलं नाही. या वाळवंटावर लोहाच्या गंजानं काळपट-तांबूस झालेले दगड पसरलेले आहेत. ते उचलून कडेला ठेवले की खालची फिकट जमीन उघडी पडते आणि रेघ तयार होते. पाऊस जवळजवळ पडतच नाही, त्यामुळे रेघ टिकते. बऱ्याच आकृत्या एकाच अखंड रेघेच्या आहेत; एका टोकानं आत शिरायचं आणि स्वतःचीच वाट न ओलांडता दुसऱ्या टोकानं बाहेर पडायचं. म्हणून अनेक अभ्यासकांना वाटतं की या वाटा चालण्यासाठी होत्या, कुठल्याशा विधीत, मिरवणुकीनं, पायी. पायी चालणाऱ्याला गाडी लागत नाही, हा शोध नाझ्काच्या लोकांना लागलेला होता.

इतकं सरळ उत्तर माणसाला पचत नाही. १९७५ मध्ये जिम वुडमन आणि ज्यूलियन नॉट या दोघांनी, नाझ्कावाले गरम हवेच्या फुग्यातून उडत असले पाहिजेत, हे दाखवायला सुती कापडाचा फुगा आणि लव्हाळ्यांची टोपली करवून घेतली आणि त्याच वाळवंटात उड्डाण केलं. फुगा वर चढला, काही मिनिटांत खाली आदळला, दोघे बाहेर फेकले गेले आणि हलका झालेला फुगा एकटाच पुढे निघून गेला. प्रवाशांपासून सुटका झाल्याचा एवढा आनंद दुसऱ्या कुठल्या वाहनानं व्यक्त केल्याची नोंद नाही. उलट १९८२ मध्ये जो निकेल यांनी केंटकीच्या एका शेतात लाकडी खुंट्या, दोरी आणि घरची मोजकी माणसं एवढ्या भांडवलावर नाझ्काचं गिधाड पूर्ण आकारात काढून दाखवलं. त्यासाठी कुणालाही हवेत जावं लागलं नाही. साहजिकच त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही.

नाव ठाऊक आहे ते एरिक फॉन डॅनिकेन यांचं. १९६८ मध्ये त्यांचं पहिलं पुस्तक आलं आणि नाझ्काच्या रेघा म्हणजे परग्रहावरच्या पाहुण्यांचा विमानतळ असावा, ही कल्पना जगभर पसरली. त्यांची पुस्तकं मराठीतही आली आणि एका अख्ख्या पिढीनं ती दुपारच्या जेवणानंतर श्रद्धेनं वाचली. नाझ्काच्या एका टेकडीच्या उतारावर तीसेक मीटरची माणसासारखी एक आकृती आहे, तिला सगळे 'अंतराळवीर' म्हणतात. वाटोळं डोकं, विस्फारलेले डोळे, एक हात वर, एक खाली. डॅनिकेनपंथीयांना त्यात देव दिसतो. विमानातून उतरलेल्या कुणालाही विचारा, तो सांगेल की हा माणूस पिशवी मागतो आहे. आणि ते शक्यही आहे. १९६१ मध्ये घेरमान तितोव अंतराळात गेला तेव्हा त्याला तिथे उलटी झाली, आणि त्यानंतर वर गेलेल्या निम्म्याहून अधिक मंडळींना सुरुवातीला हा त्रास झालेला आहे. परग्रहवासी नाझ्काला खरोखरच आले असतील तर ते पुन्हा का आले नाहीत, याचं आमच्या मते हेच कारण आहे.

या उड्डाणाला खऱ्या अर्थानं पात्र माणसं एकदा सापडली होती. अमेरिकेच्या नौदलानं आणि नासानं १९५० च्या दशकाच्या अखेरीस गॅलॉडेट महाविद्यालयातल्या ११ कर्णबधिर पुरुषांवर प्रयोग सुरू केले. त्यांतल्या बहुतेकांच्या अंतर्कर्णातली तोलाची यंत्रणा मेंदूज्वरानं निकामी झालेली होती, त्यामुळे काहीही केलं तरी त्यांना मळमळायचं नाही. एकदा नोव्हा स्कोशियाजवळच्या खवळलेल्या समुद्रात त्यांना बोटीनं नेलं. ते निवांत पत्ते खेळत बसले. संशोधकांना मात्र बोट लागली, इतकी की प्रयोग आवरता घ्यावा लागला.

आणि मारिया राइखे. नाझ्काच्या विमानतळाला ज्यांचं नाव आहे त्या. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या, गणित शिकलेल्या. १९३२ मध्ये पेरूत आल्या आणि पुढे उभं आयुष्य या रेघा मोजण्यात घालवून १९९८ मध्ये गेल्या. साधनं म्हणजे मोजपट्टी, घडीची शिडी आणि झाडू. रेघा झाडून काढणारी ही गोरी बाई आसपासच्या लोकांना चेटकीण वाटायची. झाडू हातात असूनही ती चालतच का जाते, हे कोडं त्यांना पडलं असणार. राइखे यांनी १९७६ मध्ये हमरस्त्याच्या कडेला एक लोखंडी मनोरा उभारून घेतला. त्यावर जिन्यानं चढलं की झाडाची आणि दोन हातांची आकृती दिसते, शिवाय पॅन-अमेरिकन महामार्गानं मधोमध चिरलेली पाल. मनोरा तिरका होत नाही, वळसा घालत नाही, आणि त्यावर जाण्यापूर्वी कुणी वजन करत नाही. आमच्या ग्रुपमधल्या एका काकूंनी तो बसमधून पाहिला आणि विचारलं, "आपण इथेच का नाही थांबत?" त्यावर लीडर म्हणाला, "काकू, मनोरा आपल्या आयटिनररीत नाही. तिथून सगळं दिसत नाही ना."

सगळं ज्यांना दिसायचं होतं ते खाली उतरले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यांना पिस्त्याच्या बर्फीचा रंग आला होता. फोन मात्र ठणठणीत होता. त्यानं माकड, कोळी, हमिंगबर्ड सगळं व्यवस्थित पाहिलं होतं, आणि हॉटेलचं वायफाय लागताच ते डोंबिवलीपर्यंत पोचलंही. खाली 'अप्रतिम', 'अवर्णनीय' आणि हात जोडल्याच्या खुणा पडू लागल्या. विमान कंपनीनं प्रत्येकाला उड्डाणाचं रंगीत प्रमाणपत्र दिलं. त्यात डोळे उघडे होते की मिटलेले, याचा रकाना नव्हता.

शेपटीकडच्या काकांनी प्रमाणपत्राची घडी केली, लिमलेटची गोळी तोंडात टाकली आणि लीडरला हळूच विचारलं, "आता थेट हॉटेलवर आडवं व्हायचं ना?"

"नाही काका, आता वाकाचिना. वाळूच्या टेकड्यांवरून उघड्या जीपमधून वर-खाली. एकदम भन्नाट असतं!"

काकांनी बायकोकडे पाहिलं.

"जायचं," काकू म्हणाल्या. "पैसे भरलेत."