सही खरी, पण नमुना चुकला

नाशिकरोडच्या माणसाला सहीशिक्क्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. इंडिया सिक्युरिटी प्रेस 1920 च्या दशकापासून इथे मुद्रांक आणि टपाल तिकिटं छापते आहे. प्रेसमधून निवृत्त झालेले आमचे मामा अजून दुधाचं बिलसुद्धा उजेडाकडे धरून बघतात. प्रेसमध्ये आता ई-पासपोर्ट होतात आणि त्यांच्या चिपमधल्या माहितीवर डिजिटल सही असते, हे काही त्यांना पटलेलं नाही. "जी सही दिसतच नाही, ती खोटी आहे की खरी हे कळायचं कसं?"

मी ब्लॉकचेनच्या सह्यांवर पोट भरतो. म्हटलं, "मामा, गणित आहे ते. सही म्हणजे दोन अगडबंब आकडे, आर आणि एस. प्रत्येकी 32 बाइट. संपलं."

"संपलं, तर तू रात्री अकरापर्यंत करतोस काय?"

प्रश्न बिनतोड होता. गणित केव्हाच संपतं. नोकरी चालते ती हे आकडे लिहायचे कसे यावर. बिटकॉइनच्या व्यवहारांत जुनी पद्धत डीईआर नावाची. आधी लांबी सांगा, मग आकडा सांगा. त्यात आकड्याचा पहिला बिट 1 निघाला, तर तो ऋण समजला जाईल म्हणून पुढे एक शून्य लावा. म्हणजे गावातल्या बड्या आसामीला कोणी कर्जबाजारी समजू नये, म्हणून तिच्यापुढे बिनकामाचा शिपाई चालवायचा. त्यामुळे सही कधी 70 बाइट, कधी 71, कधी 72. इथेरियमला हा लवाजमा नको. तिथे आर, एस आणि शेपटीला व्ही नावाचा एक बाइट, एकूण 65. काँट्रॅक्टमध्ये, म्हणजे ब्लॉकचेनवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, सही तपासायची तर हा व्ही 27 किंवा 28 असावा लागतो. काही लायब्ऱ्या मात्र 0 किंवा 1 देतात. चुकीचा व्ही दिला तर काँट्रॅक्टमधलं तपासणीचं फंक्शन तक्रारही करत नाही. सही करणाऱ्याचा म्हणून सगळी शून्यं असलेला पत्ता हातात ठेवतं. म्हणजे सही कोणी केली? कोणीच नाही!

एवढ्यावर भागत नाही. एका ठरलेल्या संख्येतून एस वजा करून आलेला आकडा एसच्या जागी ठेवला आणि 27 चा व्ही 28 किंवा 28 चा 27 केला, तरी सही खरीच ठरते. त्याला सही करणाऱ्याची गुप्त किल्लीही लागत नाही. हे ऐकून मामांचा चहा बशीत सांडला. "एका सहीची दोन खरी रूपं? प्रेसमध्ये असं झालं असतं तर गेट बंद करून शिफ्टभर मोजणी चालली असती!" शेवटी दोहोंतला लहान एसच धरायचा, असा नियम इथेरियमने 2016 साली व्यवहारांसाठी केला.

"म्हणजे सही खरी, माणूस खरा, पण नमुना चुकला म्हणून अर्ज परत?" मामांचा चेहरा खुलला. "मग यांच्या साहेबाला जाऊन भेट ना. समजावून सांग."

"साहेबच नाही, मामा. साहेब नको म्हणून तर ब्लॉकचेन काढली."

मामांनी बशी पुसली. "वा रे वा! साहेब तेवढे घालवलेत आणि कारकून सगळे ठेवलेत!"