डक्टशुद्धी: साहित्य, विधी आणि फलश्रुती

अभिनंदन! कालपर्यंत तुम्ही सांगलीच्या कारखान्यात स्टोअर्स सांभाळत होता. आजपासून म्हैसूरच्या हेब्बाळ औद्योगिक वसाहतीतल्या एका काचेच्या चार मजली इमारतीचे फॅसिलिटी मॅनेजर आहात. पद मोठं, खुर्ची फिरती, आणि काम असं की सगळं सुरळीत असेपर्यंत तुम्ही आहात हे कुणाला आठवत नाही. आठवावं असं वाटत असेल तर वर्षातून एकदा काहीतरी दणक्यात केलं पाहिजे. लिफ्ट बदलायला पैसे नसतात, इमारत रंगवायला वरून मंजुरी येत नाही. राहता राहिलं डक्ट क्लीनिंग. ते डोळ्यांना दिसत नाही, मोजायची कुणाला हौस नसते, आणि झालं नाही असं कुणाला सिद्ध करता येत नाही. असं काम भाग्यानंच वाट्याला येतं.

या धंद्यात मी वीस वर्षं काढली. कुठे, ते विचारू नका. माझ्या चुका तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून हे धडे. तुमच्या स्वतःच्या चुका तुम्ही कराल, त्याची मला खात्री आहे.

१. आधी शहर विसरा.

म्हैसूर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांहून उंचावर आहे. वर्षातले बरेच महिने इथे पंखा आणि उघडी खिडकी पुरते. केंद्र सरकारच्या स्वच्छतेच्या क्रमवारीत हे शहर २०१५ मध्ये ४७६ शहरांत पहिलं आलं, २०१६ मध्ये ७३ शहरांत पुन्हा पहिलं. हेन्री आयर्विन यांनी आखलेला राजवाडा १९१२ साली पुरा झाला. त्यातला सार्वजनिक दरबार समोरून कमानीकमानींनी उघडा आहे. वारा येतो, वारा जातो, कोटेशन कुणी मागत नाही.

असले विचार मनात आणू नका. तुमच्या इमारतीच्या काचा सीलबंद आहेत, उघडतील अशा दहा-बारा खिडक्यांची हँडलं सिक्युरिटीनं काढून ठेवली आहेत. नंबर मिळवलेल्या शहराची हवा आपण बाहेर थोपवतो आणि आतली कालचीच हवा गार करून पुन्हा पुन्हा वाटतो. लोक तीही शाल पांघरून घेतात.

२. तक्रारी गोळा करा.

कुणी शिंकतं, कुणाचं डोकं जड होतं, अकाउंट्समधल्या बाईंना वास येतो. दुपारी तीनला अख्खा दुसरा मजला पेंगतो. दोष कॅन्टीनच्या बिशीबेळे भाताचा असू शकेल, पण भातावर खर्च मंजूर होत नाही.

इथे एक धोक्याची सूचना. एखादा हुशार पोरगा कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र घेऊन येईल. बाहेरच्या हवेत हा वायू आज दशलक्षात सुमारे ४२० भाग असतो. बंद मीटिंग रूममध्ये वीस माणसं तासभर ‘अलाइन’ होत बसली की आकडा सहज हजारावर जातो आणि माणसं जांभया देऊ लागतात. डक्ट आरशासारखा घासला तरी हा आकडा तसूभर हलत नाही, कारण वायू डक्टमधून नाही, माणसांमधून येतो. उतारा एकच: बाहेरची ताजी हवा. त्यासाठी तुमच्या यंत्रणेत एक झडप असते, तिला फ्रेश एअर डॅम्पर म्हणतात. ती बंद आहे. बाहेरची हवा आत घेतली की ती गार करायला वीज लागते, म्हणून तुमच्या आधीच्या माणसानं ती बंद केली आणि बिल वाचवल्याबद्दल शाबासकी मिळवली. आमच्याकडे २०२० साली महामारीच्या भीतीनं ती उघडली होती. लोकांना बरं वाटलं. मग बिल आलं.

यंत्र आणणाऱ्या पोराला दुसऱ्या प्रोजेक्टवर पाठवा.

३. काळ्या वलयाचा उपयोग करा.

फॉल्स सीलिंगमधल्या जाळीभोवती काळपट वलय दिसेल. हे तुमचं ब्रह्मास्त्र. साहेबांना मान वर करायला लावा आणि हळू आवाजात म्हणा, ‘‘सर, हे बाहेर दिसतंय. आत काय असेल?’’ साहेबांचा घसा तिथेच खवखवायला लागतो.

ते वलय बहुतेक वेळा डक्टमधल्या धुळीचं नसतं. जाळीतून जोरानं येणारी हवा आजूबाजूची, म्हणजे खोलीतलीच हवा ओढून घेते, आणि त्या हवेतली धूळ सीलिंगला चिकटते. ती धूळ गालिच्याची, कागदांची, आपल्या सगळ्यांच्या कपड्यांची. हे साहेबांना सांगू नका. गालिच्याला व्हॅक्यूम मारणं तुमच्याच खात्यात येतं.

४. चोर सोडून संन्याशाला धरा.

हवा आत येते, फिल्टरमधून जाते, गार कॉइलवरून जाते, पंखा तिला डक्टमध्ये ढकलतो. कॉइलवर पाणी सुटतं, ते खालच्या ट्रेमध्ये साठतं. ट्रेचा पाइप तुंबला की पाणी तिथेच राहतं, शेवाळतं, वास मारतं. अकाउंट्समधल्या बाईंचं नाक तेवढं बरोबर आहे. कॉइलवर धुळीचा थर बसला की गारवा कमी आणि बिल जास्त. फिल्टरचं तर बोलायलाच नको. बाहेरचा जाड फिल्टर धुवायचा असतो, तो कुणी धूत नाही. आतला कागदासारखा बारीक फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा असतो. तो मात्र पाइप लावून मनोभावे धुतात आणि ओलाच बसवतात.

म्हणजे चोर तीन: फिल्टर, कॉइल, ट्रे. डक्ट हा बिचारा कोरडा पत्रा. पण चोरांना पकडायला दर महिन्याला एक माणूस, एक बादली आणि एक रजिस्टर लागतं, आणि त्याचा बिफोर-आफ्टर फोटो चांगला येत नाही. संन्याशाचा येतो.

५. व्हेंडर निवडा.

तीन कोटेशनं मागवा. तिन्हींत स्पेलिंगची चूक एकाच जागी असेल तर घाबरू नका, स्पर्धा निकोप आहे. व्हेंडर म्हैसूरचा असेल तर ‘धूळु, सार, फुल धूळु!’ म्हणत येईल. धूळ आणि धूळु, मराठी-कन्नडचं इतकं एकमत दुसऱ्या कशावर पटकन सापडायचं नाही. त्याच्याकडे एक खेळण्यातल्या गाडीएवढा कॅमेरा असतो. तो डक्टमध्ये सोडतो आणि लॅपटॉपवर चंद्राचा पृष्ठभाग दाखवतो. हा डक्ट आपलाच का, हे विचारणं उद्धटपणाचं आहे.

कुणी सांगेल की अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं घरांसाठी काढलेल्या १९९७ च्या पुस्तिकेत लिहिलंय: डक्ट साफ केल्यानं आजार टळतात असं कधी सिद्ध झालेलं नाही; मात्र डोळ्यांना दिसेल इतकी बुरशी असेल, उंदीर-किडे शिरले असतील, किंवा धुळीनं डक्ट तुंबून ती जाळीतून बाहेर उडत असेल, तर जरूर साफ करा. उत्तर तयार ठेवा: ‘‘ते घरांचं झालं. आपलं कमर्शियल आहे.’’ त्याहून वाईट म्हणजे १९८९ साली निघालेली या धंद्याची अमेरिकेतली संघटनाच सांगते की आधी तपासणी करा, आणि साफ करायचंच तर कॉइल, पंखा, ट्रे सकट सगळं करा. धंद्यातल्याच माणसांनी असं बोलायचं म्हणजे काय! तुमच्या कोटेशनमध्ये तळाशी बारीक अक्षरांत ‘कॉइल, ट्रे व कूलिंग टॉवर वगळून’ असं असेल. असूच द्या. १९७६ साली फिलाडेल्फियाच्या हॉटेलात जमलेले माजी सैनिक पटापट आजारी पडले, बरेच दगावले; त्या आजाराचे जंतू कूलिंग टॉवरच्या पाण्यात वाढतात. तुमचा टॉवर गच्चीवर आहे, स्कोपच्या बाहेर.

६. मुहूर्त दसऱ्याचा धरा.

हा धडा नीट वाचा, कारण इथे मी स्वतः तोंडावर आपटलो आहे.

म्हैसुरात दसरा म्हणजे काय ते तुम्हाला लवकरच कळेल. आदल्या दिवशी आयुधपूजा, आपली खंडेनवमी. बसगाड्या, लेथ, प्रिंटर, कॉफी मशीन, सगळ्यांना झेंडू आणि हळदकुंकू. दारासमोर कोहळे फोडतात. दुचाकीवरून जपून जा. याच दिवशी वर्षातून एकदा एएचयूच्या, म्हणजे हवा गार करून ढकलणाऱ्या यंत्राच्या, खोलीचं कुलूप उघडतं.

आत काय आहे ते पाहून घ्या: झाडू, ओली पोछा-कापडं, फिनेलचे कॅन, दोन मोडक्या खुर्च्या, २००९ सालच्या फाइली आणि हाउसकीपिंगवाल्या अक्कांचे डबे. पुष्कळ इमारतींत ही खोलीच परतीच्या हवेची वाट असते. मजल्यावरची हवा या खोलीत येते आणि इथूनच यंत्रात जाते. म्हणजे या खोलीत ठेवलेल्या प्रत्येक वस्तूचा वास साहेबांच्या केबिनपर्यंत रोज पोचतो. मी आपटलो त्या वर्षी आम्ही दोन लाखांचं डक्ट क्लीनिंग करून घेतलं होतं. फिनेल तिथेच होतं.

पूजेची हौस माझीच. मी यंत्राला हार घातला, नारळ फोडला आणि म्हैसूरची अस्सल अगरबत्ती, एक नाही, अख्खा पुडा लावला. यंत्र चालू होतं. दीड मिनिटात आमच्या तिन्ही मजल्यांवर देवळाचा सुवास, अडीचव्या मिनिटाला स्मोक डिटेक्टर बोंबलायला लागले, आणि सहाशे माणसं जिन्यानं खाली. हाराच्या झेंडूच्या पाकळ्या फिल्टरवर चिकटल्या त्या संक्रांतीपर्यंत तिथेच. पण एक सांगतो: हवा कुठून कुठे जाते, हे त्या दिवशी जितकं स्वच्छ कळलं तितकं कुठल्याच रिपोर्टात नव्हतं.

७. काम रात्री करून घ्या.

दोन बारीक अंगाची पोरं तोंडाला रुमाल बांधून सीलिंगमध्ये चढतील. (त्यांना चांगले मास्क द्या. हा धडा गमतीचा नाही.) ती पत्र्याला चौकोनी भोकं पाडतील, फिरता ब्रश घालतील, मागून व्हॅक्यूम लावतील. डक्टला आतून आवाज शोषणारं अस्तर असेल तर ब्रश त्याच्या चिंध्या करेल. भोकं टेपनं बंद होतील. एखादा फायर डॅम्पर चुकून मिटलेलाच राहील, आणि कोपऱ्यातल्या एचआरला महिनाभर हवा मिळणार नाही. शेवटी सुगंधी औषधाचा फवारा. ‘नॅनो’ शब्द असलेला घ्या.

सोमवारी सकाळी प्रत्येक टेबलावर काळे कण पडलेले असतील. लोक ओरडतील. तुम्ही म्हणा, ‘‘बघा, किती घाण होती!’’

८. कॅन्टीनच्या धुराड्याकडे पाहू नका.

इमारतीतला एक डक्ट खरोखर साफ करायला हवा: स्वयंपाकघराच्या शेगडीवरून गच्चीकडे जाणारा. लोणी घातलेले मसाला डोसे दिवसाला तीनशे, वडे वेगळे. त्यांची वाफ वर जाते आणि तुपट थर बनून पत्र्याला आतून बसते. तव्यावर एक भडका उडाला की तो थर पेटतो आणि आग धुराड्यातून मजल्यामजल्यानं वर चढते. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या नियमात अशा धुराड्याची तपासणी मोठ्या स्वयंपाकघरासाठी दर तीन महिन्यांनी सांगितली आहे, लाकूड-कोळशाची चूल असेल तर दर महिन्याला. इथला जुना राजवाडा १८९७ साली राजकन्येच्या लग्नसमारंभात जळाला, तेव्हा म्हैसूरकरांना आगीचं महत्त्व पटवायला नको. तरी आपल्याकडे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी: चिकट धुराडं तसंच, कोरड्या डक्टला तिसऱ्यांदा न्हाऊ. कारण सोपं आहे. धुराडं साफ करायचं तर कॅन्टीन एक दिवस बंद ठेवावं लागतं, आणि डोसा बंद करणारा फॅसिलिटी मॅनेजर टिकल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

९. फलश्रुती.

सर्टिफिकेट लॅमिनेट करून रिसेप्शनला, गणपतीच्या शेजारी लावा. ऑडिटरला एक रकाना भरता येतो. साहेबांना ‘एम्प्लॉयी वेलनेस’ची एक स्लाइड मिळते. व्हेंडरला एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट, मिळतं, तुम्हाला दिवाळीला काजूकतली. दुसऱ्या मजल्याला दुपारी तीनला झोप येते.

१०. हे सगळं करूनही मन खात असेल तर एक गुप्त विधी आहे. कुणाला सांगू नका, पैसे लागत नाहीत. फ्रेश एअर डॅम्परचा दांडा एएचयूच्या खोलीत डाव्या हाताला, फिनेलच्या कॅनमागे असतो. निदान आमच्याकडे होता. तो फिरवा आणि येताना कॅन बाहेर घेऊन या. खिडक्यांची हँडलं तळमजल्यावर सिक्युरिटीच्या ड्रॉवरमध्ये आहेत. रजिस्टरमध्ये सही करावी लागेल; ‘कारण’ या रकान्यात ‘हवा’ असं लिहा.