अण्णा स्टेशन पकडतात

बाकीचे लोक रेडिओ लावतात. जाझवाला स्टेशन पकडतो. हा फरक ज्याला कळत नाही त्याच्याशी आमचे अण्णाकाका संगीतावर बोलतच नसत. 1960च्या दशकात गिरगावात दर चार-पाच चाळींमागे असा एखादा इसम असायचाच. दिवसा कारकुनी, येताजाता चर्नी रोडच्या गर्दीत लोंबकळणं, आणि रात्री जेवणं आटोपली की व्हॉल्व्हच्या रेडिओला कान लावून, डोळे मिटून, सुई केसाएवढी सरकवत बसणं. दारूचं व्यसन असतं तर चाळीला निदान समजलं तरी असतं.

या पंथाचं दैवत विलिस कॉनोव्हर. व्हॉइस ऑफ अमेरिकावर 1955पासून हा गृहस्थ जाझचा कार्यक्रम सादर करी. आवाज आडातून आल्यासारखा, आणि बोलणं इतकं सावकाश की दोन शब्दांच्या मधे सुपारी कातरून व्हावी. इंग्रजी ज्यांची मायबोली नाही त्यांनाही कळावं, म्हणून तो मुद्दाम तसा बोले. गंमत अशी, की हे प्रक्षेपण परदेशांसाठी होतं; अमेरिकेतल्या लोकांना ते ऐकवायला कायद्याने मनाई होती. म्हणजे ज्याच्यासाठी मॉस्कोपासून मुंबईपर्यंत लोक रात्री जागवत, त्याला त्याच्याच देशात फारसं कुणी ओळखत नसे. “घरच्यांना किंमत नसतेच,” एवढं बोलून अण्णा काकूकडे बघत.

कॉनोव्हर हळूहळू अण्णांच्या मराठीत उतरला. तो गाणं संपलं की वादकांची नावं सांगे. अण्णा जेवण संपलं की सांगू लागले. “आत्ता... आपण खाल्लंत... पिठलं. लसूण... भरपूर. कोथिंबीर... गैरहजर. आणि स्टोव्हवर... तुमची काकू.” कचेरीत साहेबाने फाइल मागितली तरी ती याच लयीत मिळे. साहेबाला वाटे, कारकुनाला सुतक आहे.

या दैवताचा सेवेकरी मी होतो. शॉर्टवेव्हच्या, मीटरांत मोजायच्या लहरी आकाशातल्या कुठल्याशा थरावर आपटून जमिनीवर येतात. तो थर काही सरकारी नोकर नव्हे. हलतो, डुलतो, मग आवाज कधी जवळ येतो तर कधी पार अरबी समुद्रात बुडतो. बुडायची वेळ हमखास ट्रम्पेटवाल्याने जीव ओतायला घेतला की यायची. मग अण्णा ओरडत, “एरियलची तार उचल! अमळ डावीकडे... हां, तसाच राहा!” ड्यूक एलिंग्टन मी हात वर करून ऐकलेला आहे. शाळेत एवढी शिक्षा कधी झाली नाही.

कार्यक्रमाची सुरुवात एलिंग्टनच्याच वाद्यवृंदाच्या ‘टेक द ए ट्रेन’ने व्हायची. “न्यू यॉर्कमधली हार्लेमला जाणारी गाडी आहे ती,” अण्णा सांगत. “म्हणजे आपली विरार फास्ट,” काकू म्हणे. “ती धरायला एवढं जागरण?”

शेजारचे जोशीबुवा भास्करबुवांच्या गायकीच्या परंपरेतले असल्याचं स्वतःच सांगत. ते एकदा येऊन पाऊण तास बसले आणि “सम कुठाय?” एवढाच प्रश्न विचारून गेले. अण्णांनी त्यानंतर दोन आठवडे सम शोधली. मिळाली की मांडीवर थाप मारत. ती बहुधा चुकीच्या जागी पडे.

खरा पेच बुधवारचा. रात्री आठला घरादाराला रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला हवी असे आणि अण्णांना हिंदी सिनेमाचं संगीत म्हणजे बँडवाल्यांची वरात. हा ताठा मोडला ‘अलबेला’ने. कुणीतरी त्यांना सांगितलं, की त्यातला ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट म्हणजे हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, ताजमहाल हॉटेलात जाझ वाजवणारा, आणि सी. रामचंद्रांचा, म्हणजे आपल्या चितळकरांचा, साहाय्यक. अण्णा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी, 1951च्या त्या सिनेमाचा शोध आपणच लावल्याच्या थाटात, ते काकूला समजावू लागले. काकूने तो तोवर चारदा पाहिला होता.

1978 साली मुंबईत जाझ यात्रा भरली, तेव्हा अण्णा निवृत्त झालेले. रंगभवनात समोर साक्षात सॉनी रॉलिन्स सॅक्सोफोन वाजवत होता आणि अण्णा डोळे मिटून, उजव्या हाताची दोन बोटं हवेत तसूतसूने फिरवत होते. समोर दिसत असलेला माणूसही त्यांना पकडावाच लागत होता. तुकडा संपला. टाळ्या ओसरेपर्यंत थांबून अण्णा आडातल्या आवाजात म्हणाले, “सॉनी... रॉलिन्स. टेनर... सॅक्सोफोन.”

मी शरमेने इकडेतिकडे पाहिलं. पुढच्या रांगेतला एक म्हातारा पारशी सावकाश मागे वळला. त्याने अण्णांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“कितना मीटर?” त्याने विचारलं.

“थर्टी वन,” अण्णा म्हणाले.

पारशाने सरकून शेजारी जागा करून दिली.