चार जणांची गाडी, पाच जणांचं कोकण

भारतातल्या छोट्या एसयूव्हींची लांबी ठरवतं कोण? तीन दारांची महिंद्र थार ३,९८५ मिलिमीटर लांब. पाच दारांची मारुती सुझुकी जिम्नी, तीही ३,९८५ मिलिमीटर. एक नाशिकला तयार होते, दुसरी गुरुग्रामला. पण दोघींनी चार मीटरच्या अलीकडे नेमका दीड सेंटिमीटर सोडलेला. याचं श्रेय अभियंत्यांना नाही, अर्थखात्याला आहे. २००६च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आतली गाडी ‘लहान’ धरली जाते आणि लहान गाडीला कर कमी.

मात्र अट दुहेरी आहे. लांबी चार मीटरच्या आत हवीच, शिवाय इंजिन पेट्रोलचं असेल तर १,२०० सीसीपर्यंत आणि डिझेलचं असेल तर १,५०० सीसीपर्यंतच हवं. जिम्नीचं पेट्रोल इंजिन १,४६२ सीसीचं. म्हणजे बाईंनी अंग चोरून सवलतीच्या दारात पाऊल टाकलं आणि पोट आडवं आलं. २२ सप्टेंबर २०२५पासून लहान गाडीला १८ टक्के आणि बाकीच्यांना ४० टक्के जीएसटी लागतो. दिसायला लहान असलेली जिम्नी करापुरती मोठ्यांच्या पंगतीत बसते.

अंग चोरण्याची सवय तिला जन्मापासूनची. पहिली जिम्नी १९७० साली जपानमध्ये आली, ३५९ सीसीचं दोन-स्ट्रोक इंजिन घेऊन. तिथल्या छोट्या गाड्यांच्या कायद्यात लांबीची मर्यादा तेव्हा तीन मीटर होती. स्टेपनी मागे टांगली तर मर्यादा ओलांडली जाणार, म्हणून सुझुकीने स्टेपनी आत घेतली आणि तिच्यासाठी मागची एक जागा काढून टाकली. गाडी झाली तिघांची. पुढे स्टेपनी बाहेर गेली, माणसं चार झाली. २०२३च्या जूनमध्ये भारतात पाच दारांची जिम्नी विक्रीला आली, तेव्हा दारं वाढली. माणूस वाढला नाही.

कोथरूडच्या ज्या घरात ही गाडी आली, त्या घरात माणसं पाच होती.

घरातले नाना बँकेतून निवृत्त झालेले. डोंगर चढणारी गाडी घ्यायची हे त्यांनी नोकरीत असतानाच ठरवलं होतं. “अहो, तुम्ही पर्वतीच्या पायथ्याशी जायलासुद्धा रिक्षा शोधता,” ही नानींची नोंद त्यांनी कामकाजातून वगळली आणि शोरूमची फेरी सुरू झाली.

थार पाहताच मुलाचा चेहरा उजळला. पण तीन दारांच्या थारमध्ये मागे बसायचं तर पुढची सीट दुमडून आत शिरावं लागतं. ऐंशी ओलांडलेल्या आजींनी ती फट पाहिली आणि विचारलं, “अरे, मला बसवताय की माळ्यावर टाकताय?” शिवाय थारची रुंदी १,८२० मिलिमीटर. सोसायटीतल्या दोन खांबांमध्ये ती मावली असती, फक्त तिची दारं उघडली नसती. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची गुरखा नानांना फार आवडली, कारण तिला बॉनेटच्या वर हवा ओढणारी नळी कारखान्यातूनच येते. पावसाळ्यात कर्वे रस्त्याला तिचा उपयोग होईल, असं ते म्हणाले. सुनेने गुरखाच्या चाकाची उंची आणि आजींची उंची आळीपाळीने पाहिली. विषय संपला.

सून व्यवहारी. तिचं मत टाटा पंचला होतं: जवळपास निम्म्या किमतीत पाच माणसांची जागा, ३६६ लिटरची डिकी, आणि २०२४ साली देशात सगळ्यात जास्त खपलेली गाडी. नानांनी एकच प्रश्न विचारला, “हिला फोर बाय फोर आहे का?” नव्हतं.

उरली जिम्नी. रुंदी १,६४५ मिलिमीटर, म्हणजे थारपेक्षा साडेसतरा सेंटिमीटर कमी. मागे जायला स्वतंत्र दारं. गिअरच्या शेजारी दुसरा छोटा दांडा, ज्याला हात लावताच नानांचं वय वीस वर्षांनी उतरलं. सेल्समन उत्साहाने चौकट-चॅसी, पुढे-मागे अखंड अॅक्सल, २१० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स असं सांगत होता. नानींनी मागचं दार उघडलं. ते कपाटासारखं बाजूला उघडतं आणि त्यावर स्टेपनी असते, त्यामुळे ते उघडायला मागे मोकळी जागा लागते. आत डोकावून त्यांनी विचारलं, “पिशव्या कुठे ठेवायच्या?” डिकी २०८ लिटरची होती. “मॅडम, मागच्या सीट पाडल्या की ३३२ होते.” “आणि मागची माणसं?” सेल्समनने किल्ली नानांच्या हातात दिली.

रंग मुलाने निवडला: पिवळी गाडी, काळं छप्पर.

मे महिना उजाडला, कोकणातल्या केळशीहून नानांच्या चुलतभावाचा आंबे उतरल्याचा फोन आला आणि पाचव्या माणसाचा प्रश्न समोर उभा राहिला. तो लोकशाही मार्गाने सुटला. चार विरुद्ध एक मतांनी चिरंजीवांना स्वारगेटहून दापोलीच्या एसटीत बसवण्यात आलं.

पिरंगुट, मुळशी, ताम्हिणी. घाट लागताच नानांनी दांडा ओढून गाडी ‘फोर एच’मध्ये टाकली. वास्तविक कोरड्या डांबरावर ते करायचं नसतं. या पद्धतीत पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी घट्ट जोडली जातात. वळणावर मात्र पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं. निसरड्या मातीत तो फरक घसरून भागतो, डांबरावर तो टायर आणि गिअर यांच्या माथी बसतो. पुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलं आहे आणि पुस्तिका सुनेने वाचली होती. “बाबा, ते काढा,” असं तिने तीन वळणांत तीन वेगवेगळ्या सुरांत सांगितल्यावर ते निघालं.

घाटात गाडी रमली, सपाटीवर कुरकुरली. सपाट काच आणि उभं तोंड घेऊन वाऱ्यात शिरायचं म्हणजे आवाज होणारच. स्टिअरिंगही जुन्या जीपच्या धाटणीचं. खड्ड्याचा धक्का हातापर्यंत येऊ देत नाही, त्या बदल्यात सरळ रस्त्यावर थोडं सांभाळून घ्यावं लागतं. कंपनी लिटरला १६.९४ किलोमीटर सांगते. निजामपूरपर्यंत नानांनी सरासरी काढणं सोडून दिलं होतं.

माणगावला मुंबई-गोवा महामार्ग लागतो. या महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ साली सुरुवात झाली आणि अनेक वाहनं अजून त्याच कोंडीत असावीत असं मे महिन्यात वाटतं. इथे चिरंजीवांच्या रंगनिवडीचं फळ मिळालं. पिवळं अंग, काळं छप्पर, चौकोनी आकार आणि रस्त्याच्या कडेला थांबलेली. डोक्यावर गाठोडं घेतलेल्या एका मावशींनी सरळ मागचं दार उघडून विचारलं, “म्हसळा ना? किती घेणार?” नानी काही बोलण्याआधी आजींनी सरकून जागा केली. मागे दोघांचीच सोय आहे हे मावशींना पटवायला बराच वेळ गेला. “एवढी मोठी गाडी आणि दोनच शीटा?” असं म्हणून त्या मिनिडोरच्या दिशेने गेल्या, जिथे जागेचा प्रश्न इतक्या संकुचितपणे पाहिला जात नाही.

बागमांडल्याला सावित्रीची खाडी. पलीकडे वेसवी, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. आंबेतच्या पुलाने वळसा घालायचा नसेल तर जंगलजेटीत, म्हणजे फेरीबोटीत, गाडी चढवायची. रांग लांब होती. नानांच्या पुढे सहा मोठ्या एसयूव्ही, सगळ्या ऐसपैस. फेरी भरत आली, खलाशाने शेवटच्या मोठ्या गाडीला हाताने थांबवलं, राहिलेल्या फटीकडे पाहिलं, मग मागे पाहिलं आणि शिट्टी मारली: “ओ पिवळीवाले, या पुढं!” कठडा आणि एका टेम्पोच्या मधल्या जागेत जिम्नी बसली. सपाट बॉनेटची दोन्ही टोकं बसल्या जागेवरून दिसत असल्याने नानांना मान वाकडी करावी लागली नाही. मागे राहिलेल्यांकडे पाहून मात्र त्यांनी ती आवर्जून वळवली.

केळशीत तिचं खरं मोल कळलं. गावातल्या गल्ल्या बैलगाडीच्या काळातल्या, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, वर माडांच्या झावळ्या. मुंबईहून आलेली एक लांबलचक गाडी वळणावर अडकून पडली होती. तिचे आरसे मिटलेले, चालकाचे डोळेही. जिम्नी तिथून शांतपणे निघून गेली. घरासमोरचा चढ तांबड्या मातीचा, सुट्या खड्यांचा. नाना ज्या क्षणाची वाट पाहत होते तो आला. त्यांनी गाडी पूर्ण थांबवली, दांडा दाबून ‘फोर एल’ टाकलं आणि गाडी सावकाश, एकदाही न घसरता अंगणात चढली. नानांनी उतरून टाळ्यांची अपेक्षा केली. तेवढ्यात मागून गावातली तीनचाकी रिक्षा त्याच चढाने वर आली. आत तीन बायका, दळणाचा डबा आणि एसटीने दापोलीमार्गे येऊन त्यांच्याआधी केळशीत पोचलेले चिरंजीव होते.

संध्याकाळी पुळणीवर जायचं ठरलं. चुलतभाऊ हात जोडून म्हणाला, “नाना, चालत जाऊया हो. गाडी पुळणीवर नको.” कारण समोरच दिसलं. एक अवजड फोर बाय फोर ओल्या वाळूत अॅक्सलपर्यंत रुतली होती आणि भरती येत होती. चाक फिरवावं तितकं ते खाली जात होतं. वाळूत हवा कमी केलेले टायर लागतात आणि थांबायचं नसतं. या गाडीने हवा भरपूर ठेवली होती आणि सेल्फीसाठी ती थांबली होती. ट्रॅक्टर आला, दोर बांधला. ट्रॅक्टरवाल्याने भाव आधी ठरवला आणि तो भरतीच्या पाण्याबरोबर वाढत गेला. नाना आपल्या दांड्याविषयी रात्रीपर्यंत काही बोलले नाहीत.

परतीला सामान असं: आंब्याच्या तीन पेट्या, कोकमाच्या बाटल्या, आमसुलं, एक सुरण आणि कापा फणस. डिकीत एक पेटी आडवी बसली, उरलेल्या जागेत बाटल्या. सुनेने परिस्थितीचा अंदाज घेऊन नवऱ्याबरोबर एसटीचं तिकीट काढलं. नानी आजींशेजारी मागे गेल्या, दोघींच्या पायाशी पेट्या आल्या आणि पुढच्या सीटवर फणस बसला. गाडी सुरू होताच टिंग-टिंग सुरू झालं. पुढच्या सीटवर वजन जाणवलं आणि पट्टा लावलेला नसला की ती घंटा वाजते. २०१९च्या जुलैपासून ती सक्तीची आहे. फणसाला पट्टा बांधण्यात आला. पुण्यापर्यंत तोच एक प्रवासी असा होता, ज्याने मायलेजवर मत दिलं नाही.

याच गाडीची गुरुग्रामहून जपानला निर्यात होते. तिथे जानेवारी २०२५मध्ये ती ‘जिम्नी नोमाड’ म्हणून जाहीर झाली, चार-पाच दिवसांत सुमारे ५०,००० मागण्या आल्या आणि कंपनीला नोंदणीच थांबवावी लागली. आपल्याकडे मागणी त्या मानाने बेताची आहे. माणगावच्या मावशींना विचारलं तर कारण एका वाक्यात कळेल.

तेव्हा छोटी चौकोनी एसयूव्ही घ्यायला निघालात तर शोरूममध्ये तीन गोष्टी बरोबर न्या: मोजपट्टी, घरातली सगळ्यात वयस्क व्यक्ती आणि आंब्याची एक रिकामी पेटी. रुंदी आपल्या पार्किंगशी ताडून पाहा, मागचं दार भिंतीसमोर पूर्ण उघडतं का पाहा, आजींना चढता-उतरता येतं का पाहा, आणि दांड्याला हात त्यानंतरच लावा. घरात चार माणसं असतील आणि वाट केळशीसारखी अरुंद असेल तर जिम्नी खुशाल घ्या. पाच असतील तर सुनेचं ऐका.